रोगमुक्तांच्या रक्तद्रवाची चिकित्सा

संक्रामक रोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील द्रव भाग घेऊन तो त्याच रोगाने आजारी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या शिरेतून देणे, या उपचारपद्धतीस रोगमुक्तांच्या रक्तद्रवाची चिकित्सा असे म्हणतात. रक्तातील कोशिका वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे रक्तद्रव होय. २०२० सालच्या करोना साथीपासून तो ‘प्लाझ्मा’ या नावाने सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. रक्त गोठू दिल्यानंतर जो द्रव वर निथळतो त्यास रक्तरस म्हणतात. रक्त गोठण्यास लागणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन त्यात नसते. रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे दोहोंतही असतात. या पद्धतीच्या इतिहासातील पहिली सु. पन्नास वर्षे रक्तरसाची, तर त्यानंतरचा काळ मुख्यतः रक्तद्रवाचा व त्यापासून वेगळ्या केलेल्या प्रतिपिंडांचा आहे.

हा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा असून त्यातील दोन महत्त्वाचे प्रसंग महाराष्ट्रात घडले : पहिला मुंबईच्या प्लेगच्या साथीत, १८९७ ते १९०० या काळात आणि दुसरा करोना साथीत, २०२०-२१ मध्ये. दोन्ही वेळी मृत्यू समोर दिसत असताना हाती असलेला उपाय कोणाला द्यावा आणि तो खरोखर उपयोगी पडतो हे कसे ओळखावे, हाच प्रश्न वैद्यांपुढे होता. या पद्धतीचे यशापयश समजून घेण्यासाठी तिच्यामागील तत्त्वाइतकाच या प्रश्नाचाही विचार करावा लागतो.

तत्त्व : शरीरात शिरलेल्या जंतूच्या किंवा विषाणूच्या विशिष्ट घटकाशी जुळणारी प्रतिपिंडे शरीर स्वतः तयार करते. त्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. रोग झाल्याने किंवा लस टोचल्याने येणारी अशी प्रतिकारक्षमता सक्रिय असते व ती दीर्घकाळ टिकू शकते. याउलट, दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे आयती मिळाली, तर तत्काळ संरक्षण लाभते. पण ही प्रतिपिंडे हळूहळू नष्ट होतात. रक्तातील प्रमुख वर्गाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण सु. तीन आठवड्यांत निम्मे होते. या प्रतिकारक्षमतेस निष्क्रिय म्हणतात. तिला उसनी म्हटले तरी चालेल. मातेकडून वारेवाटे अर्भकास मिळणारे संरक्षण हे तिचेच नैसर्गिक उदाहरण होय.

कोकणातील वाचकास ही उसनी प्रतिकारक्षमता एका वेगळ्या निमित्ताने ठाऊक असते. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील सड्यांवर आणि कातळांवर फुरसे हा विषारी साप विपुल आढळतो. त्याच्या दंशावर दिले जाणारे प्रतिविष म्हणजे घोड्यास सापाचे विष अल्प मात्रेने वारंवार टोचून त्याच्या रक्तात निर्माण केलेली प्रतिपिंडेच होत. मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केलेले बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर उपयोगी पडते. येथे तीन गोष्टी जुळून येतात. कशाचा प्रतिकार करावयाचा ते निश्चित असते. कुपीतील प्रतिपिंडांचे सामर्थ्य मोजलेले असते. आणि रुग्णाच्या शरीरात स्वतःची प्रतिपिंडे नसतात. तरीही दंशानंतर ते लवकर द्यावे लागते, कारण ऊतकांची एकदा झालेली हानी प्रतिविषाने भरून येत नाही. रोगमुक्तांच्या रक्तद्रवासही याच अटी लागू आहेत. पुरेशी व मोजलेली प्रतिपिंडे, रोगाच्या आरंभीच उपचार आणि रुग्णाच्या ठायी स्वतःच्या प्रतिपिंडांचा अभाव, यांपैकी एकही अट सुटली तर उपाय निष्फळ होण्याचा संभव असतो.

प्रारंभ : या चिकित्सेचा पाया जर्मनीत घातला गेला. एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये असे दाखविले की, धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास दिला असता त्याचेही संरक्षण होते. घटसर्पाच्या बाबतीतही बेरिंग यांना असेच आढळून आले. फ्रान्समध्ये एमील रू यांनी घोड्यांपासून मोठ्या प्रमाणावर रक्तरस मिळविण्याची पद्धत रूढ केली व १८९४ मध्ये घटसर्पाच्या बालरुग्णांवरील आपले अनुभव जाहीर केले. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये बेरिंग यांना मिळाले ते याच कार्याबद्दल.

तथापि रक्तरस दिलेली मुले बरी झाली, एवढ्याने तो गुणकारी असल्याचे सिद्ध होत नाही. घटसर्पाची अनेक मुले उपचाराविनाही बरी होत असत. हे ध्यानात घेऊन डॅनिश वैद्य योहानेस फिबिगर यांनी कोपनहेगनच्या रुग्णालयात १८९६-९७ मध्ये एक चाचणी घेतली. एका दिवशी दाखल झालेल्या सर्व रुग्णांना रक्तरस द्यावयाचा व दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्यांना नेहमीचेच उपचार करावयाचे, असा नियम त्यांनी वर्षभर पाळला. कोणास रक्तरस मिळावा हे वैद्याच्या मर्जीवर न राहता दिवसावर राहिले. रक्तरस मिळालेल्या २३९ रुग्णांपैकी ८, तर न मिळालेल्या २४५ रुग्णांपैकी ३० मरण पावले. या निष्कर्षाइतकीच ही पद्धतही पुढील वैद्यकास मार्गदर्शक ठरली.

मुंबईचा प्लेग व रक्तरस : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. थोड्याच महिन्यांत शहरातील लोकसंख्येचा फार मोठा भाग गावोगाव निघून गेला. गिरण्या, गोदी व घरकाम यांवर पोट भरणारे कोकणातील हजारो लोक त्यांत होते. विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ले या बंदरांचा मुंबईशी संबंध मुख्यतः जलमार्गाने असे. त्यामुळे शहरातील साथीची वार्ता आणि तिची भीती किनाऱ्याच्या गावांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही. १८९७ च्या साथरोग अधिनियमाने प्रवाशांची तपासणी, रोग्यांचे विलगीकरण आणि घरांची झडती यांचे अधिकार शासनास दिले.

साथीच्या मुकाबल्यासाठी मुंबईत दोन भिन्न उपाय एकाच सुमारास आले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ही लस निरोगी माणसासाठी होती. आजारी पडलेल्यास तिचा उपयोग नव्हता. आजाऱ्यांसाठी रक्तरसाचा उपाय पुढे आला. प्लेगच्या जंतूचा १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोध लावणारे आलेक्सांद्र येर्सँ हे घोड्यांपासून तयार केलेला रक्तरस घेऊन १८९७ च्या मार्चमध्ये मुंबईस आले. परंतु येथील अनुभव निराशाजनक ठरला. त्यानंतर फ्लॉरेन्सचे प्राध्यापक आलेस्सांद्रो लुस्टिग यांनी वेगळ्या पद्धतीने तयार केलेला रक्तरस आणला.

लुस्टिग यांच्या रक्तरसाची पारख डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी केली. प्लेगच्या हजारो रुग्णांवर उपचार करणारे चोक्सी हे आर्थर रोड रुग्णालयाशी संबद्ध होते. पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून प्रसिद्ध झालेले हे रुग्णालय गिरणगावाला लागूनच होते. चोक्सी यांनी रक्तरस एकाआड एक रुग्णास देण्याची पद्धत अवलंबिली आणि १९०० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. फिबिगर यांच्या चाचणीनंतर अवघ्या काही वर्षांतच एका भारतीय वैद्याने साथीच्या धामधुमीत अशी तुलना हाती घेतली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे.

रक्तरस दिलेल्या रुग्णांतही मृत्यूचे प्रमाण फार मोठे राहिले. रुग्ण बहुधा रोग बळावल्यावरच रुग्णालयात येत. विलगीकरणाच्या धाकाने आजार लपविला जाई आणि लक्षणे दिसल्यापासूनचे पहिले दोन दिवस, ज्या काळात रक्तरसाचा काही उपयोग होण्याचा संभव होता, ते घरीच निघून जात. चोक्सी यांनी पुढेही वेगवेगळ्या रक्तरसांचा अनुभव घेतला व १९०८ मध्ये त्याविषयी लेखन केले. पण प्लेगवरील प्रमुख उपचार म्हणून रक्तरसास स्थान मिळाले नाही. परळ येथे १८९९ मध्ये स्थापन झालेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथे लशींबरोबरच प्रतिविषे व रक्तरस यांच्या निर्मितीची परंपरा वाढली. प्लेगचा रोगी बरा करण्याचे प्रभावी साधन मात्र सल्फा औषधे व त्यांमागून आलेले स्ट्रेप्टोमायसिन यांच्या रूपाने १९४० नंतरच्या दशकात मिळाले.

मानवी रक्तरसाचा उपयोग : घोड्याचा रक्तरस मानवी शरीरास परका असल्याने अंगावर पित्त उठणे, सांधे दुखणे, ताप येणे व प्रसंगी तीव्र अधिहर्षता असे विकार उद्‌भवत. शिवाय प्रत्येक रोगाचे जंतू घोड्यास टोचणे शक्य नव्हते. म्हणून रोगातून उठलेल्या माणसाचाच रक्तरस वापरण्याची कल्पना पुढे आली. गोवरावर असा प्रयोग केल्याचे इटालियन वैद्य फ्रांचेस्को चेन्ची यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर गोवर, बालपक्षाघात, गालगुंड इ. रोगांवर ही पद्धत वापरण्यात आली.

इन्फ्ल्यूएंझाच्या १९१८-१९ च्या जागतिक साथीत तिचा बराच अवलंब झाला. त्या काळच्या आठ अहवालांतील १,७०३ रुग्णांच्या नोंदी २००६ मध्ये एकत्र अभ्यासण्यात आल्या. रक्त वा रक्तरस मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के, तर न मिळालेल्यांत ३७ टक्के दिसून आले. हा फरक मोठा असला, तरी त्या अहवालांपैकी एकातही रुग्णांची निवड यदृच्छेने, म्हणजे नाणेफेकीसारख्या मर्जीनिरपेक्ष रीतीने, झालेली नव्हती. ज्याला उपचार मिळाला तो रुग्ण मुळातच सशक्त होता काय, रोगाच्या कोणत्या दिवशी आला होता, मृत्यूच्या दारातून बचावून तो उपचारापर्यंत पोहोचला एवढ्यानेच त्याची गणना जगणाऱ्यांत झाली काय, हे प्रश्न अशा नोंदींतून सुटत नाहीत. तरीही २०२० मध्ये या उपायाकडे जगाचे लक्ष वळले ते मुख्यतः अशाच जुन्या आकड्यांमुळे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्व्हर्ड विद्यापीठातील एडविन कोन यांनी थंड अल्कोहॉलच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत विकसित केली. अनेक दात्यांच्या रक्तद्रवातून मिळणारी प्रतिपिंडयुक्त ग्लोब्युलिने गोवर व काविळीच्या प्रतिबंधासाठी उपयोगी पडू लागली. श्वानदंशानंतर लशीच्या जोडीने जखमेत दिले जाणारे प्रतिपिंडांचे अंतःक्षेपण हे याच परंपरेतील होय. मानवी रक्तापासून बनविलेल्या पदार्थांचा धोकाही याच काळात उघड झाला. अमेरिकन सैनिकांना १९४२ मध्ये दिलेल्या पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तरस होता. त्यातून यकृतशोथाचा विषाणू पसरून सु. ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. दात्याच्या रक्ताची कसून तपासणी का करावी लागते, याचा तो मोठा धडा होता. प्रतिजैविके व लशी यांचा प्रसार झाल्यावर रोगमुक्तांच्या रक्तरसाचा वापर मागे पडला.

अर्जेंटिनी रक्तस्रावी ज्वर : या पद्धतीचे निर्विवाद यश दिसते ते दक्षिण अमेरिकेतील एका ग्रामीण रोगात. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानी प्रदेशात शेतांतील उंदरांमुळे फैलावणारा जूनीन विषाणूचा ज्वर मक्याच्या सुगीत काम करणाऱ्या मजुरांस होई. हूलिओ माइस्तेगी व त्यांचे सहकारी यांनी या रोगावर यदृच्छ निवडीची चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. लक्षणे सुरू झाल्यापासून आठ दिवसांच्या आत १८८ रुग्णांना रक्तद्रव देण्यात आला. त्यांपैकी ज्यांना रोगमुक्तांचा रक्तद्रव मिळाला त्यांत मृत्यूचे प्रमाण १·१ टक्के, तर ज्यांना सामान्य दात्यांचा मिळाला त्यांत १६·५ टक्के आढळले. बऱ्या झालेल्या काहींना पुढे मेंदूसंबंधी विकार झाले, ही उपचाराची मर्यादाही याच अभ्यासातून कळली. या रोगाविरुद्ध लस उपलब्ध झाल्यावर रुग्ण घटले आणि त्याबरोबर रोगमुक्त दातेही घटले. साथ जसजशी आटोक्यात येते तसतसा हा उपाय दुर्मिळ होतो, हे या चिकित्सेचे एक आगळे वैशिष्ट्य आहे.

रोगमुक्तांचा रक्तद्रव सर्वच रोगांत असा गुणकारी ठरत नाही. गिनी देशात इबोलाच्या साथीत ८४ रुग्णांना तो देण्यात आला. परंतु त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण आधी मोजलेले नव्हते आणि जीवितरक्षणात लक्षणीय सुधारणा दिसली नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

करोना साथ : महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. देशव्यापी टाळेबंदीनंतर मुंबईतील चाकरमान्यांचे लोंढे पुन्हा एकदा कोकणाकडे वळले. सिंधुदुर्गातील गावोगावच्या शाळा विलगीकरणाची ठिकाणे बनल्या. रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. चीनमधील शेन्झेन येथील पाच अत्यवस्थ रुग्णांना रोगमुक्तांचा रक्तद्रव दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचा वृत्तांत मार्च २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि जगभर या जुन्या उपायाची आठवण जागी झाली.

महाराष्ट्र शासनाने २९ जून २०२० रोजी ‘प्लॅटिना’ हा प्रकल्प सुरू केला. शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची १७ व मुंबई महानगरपालिकेची ४ वैद्यकीय महाविद्यालये त्यात होती. तीव्र आजाराच्या रुग्णांना प्रत्येकी २०० मिलि. रक्तद्रव दोनदा देण्याची योजना होती. त्या वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. गंभीर रुग्णास पुढील उपचारांसाठी कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी येथे न्यावे लागे. ज्या उपायाचे यश पहिल्या काही दिवसांवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत घाट ओलांडण्यात किंवा सीमेपलीकडे जाण्यात गेलेला वेळ हाही उपचाराचाच एक घटक ठरतो.

रोगमुक्त व्यक्तीचे रक्त यंत्रात फिरवून त्यातील रक्तद्रव तेवढा काढून घेतात व कोशिका परत दात्याच्या शरीरात सोडतात. एका वेळी सु. ४०० ते ५०० मिलि. रक्तद्रव मिळतो. तो गोठवून वर्षभर ठेवता येतो. रक्तद्रव देताना रक्तगट जुळवावा लागतो. मात्र येथील नियम रक्त देण्याच्या नियमाच्या उलट असतो. एबी गटाच्या दात्याचा रक्तद्रव कोणत्याही गटाच्या रुग्णास चालतो, कारण त्यात ए वा बी घटकाविरुद्ध प्रतिपिंडे नसतात. गर्भारपणात स्त्रीच्या रक्तात निर्माण होऊ शकणारी काही प्रतिपिंडे दुसऱ्याच्या फुप्फुसास अपायकारक ठरण्याचा संभव असल्याने पुरुष किंवा ज्यांना कधी गर्भधारणा झालेली नाही अशा स्त्रियांस दाते म्हणून प्राधान्य देण्यात आले.

चाचण्यांचे निष्कर्ष : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांत ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ४६४ प्रौढ रुग्ण यदृच्छेने दोन गटांत विभागण्यात आले. रक्तद्रव मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा, म्हणजे १९ टक्क्यांचा, आजार २८ दिवसांत तीव्र झाला किंवा त्यांचा मृत्यू झाला. न मिळालेल्या २२९ जणांत ही संख्या ४१, म्हणजे १८ टक्के होती. धाप व थकवा यांत सातव्या दिवशी थोडा उतार दिसला. परंतु रोगाची वाढ व मृत्यू यांत फरक पडला नाही.

या अपयशाचे एक कारण चाचणीतच सापडते. दाखल होतानाच ८३ टक्के रुग्णांच्या रक्तात विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार झालेली होती आणि त्यांची मध्यम पातळी दात्यांच्या पातळीपेक्षा अधिक होती. ज्याच्यापाशी आधीच अधिक आहे त्यास कमी असलेल्याने उसने द्यावे, असा हा प्रकार झाला. परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये या उपायाच्या सरसकट वापराविरुद्ध सूचना काढली. दात्याच्या प्रतिपिंडांचे प्रमाण तपासावे आणि लक्षणांच्या आरंभापासून दहा दिवसांनंतर रक्तद्रव देऊ नये, असे तीत म्हटले होते.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीत ११,५५८ रुग्ण होते. अधिक प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव वापरूनही दोन्ही गटांतील २८ दिवसांमधील मृत्यूचे प्रमाण २४ टक्केच राहिले, असे मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात, १७ तारखेस, भारतात करोनाच्या राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेतून हा उपाय वगळण्यात आला. डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सौम्य व मध्यम आजारात त्याचा वापर न करण्याची आणि तीव्र आजारात तो केवळ चाचणीपुरता ठेवण्याची शिफारस केली.

मात्र रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या अवस्थेतील निष्कर्ष वेगळे आहेत. अर्जेंटिनात सौम्य लक्षणे असलेल्या १६० वृद्धांना लक्षणांपासून तीन दिवसांच्या आत उपचार सुरू करण्यात आले. प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक असलेला रक्तद्रव मिळालेल्या ८० जणांपैकी १३, तर न मिळालेल्या ८० जणांपैकी २५ जणांना तीव्र श्वसनविकार झाला. अमेरिकेत १,१८१ बाह्यरुग्णांवरील चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ६·३ टक्क्यांवरून २·९ टक्क्यांवर आले. उपाय तोच, पण वेळ, मात्रा आणि रुग्णाची अवस्था बदलली की फलही बदलते. घटसर्पापासून प्लेगपर्यंतच्या जुन्या अनुभवाशी हे सुसंगतच आहे.

दाता व समाज : एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, उपायाची निष्फळता दाखविणारे भारतीय निष्कर्ष प्रसिद्ध होऊन सहा महिने लोटले असतानाही, रुग्णालयांच्या चिठ्ठ्या घेऊन नातेवाईक दात्यांच्या शोधात रात्रंदिवस फिरत होते. अनोळखी व्यक्ती आपणहून पुढे येऊन रक्तद्रव देत होत्या. त्यांच्या दानाचे नैतिक मोल उपायाच्या यशापयशावर अवलंबून नाही. परंतु दाता व नातेवाईक यांच्या श्रद्धेने औषधाचा गुण सिद्ध होत नाही, आणि वैद्याने सिद्ध न झालेला उपाय अखेरची आशा म्हणून सांगितला, की तो नाकारणे कुटुंबास अशक्य होऊन बसते. ज्या घरात दाता मिळाला नाही तेथे ‘प्रयत्न अपुरे पडले’ ही खंत कायम राहते, जरी तो मिळता तरी फरक पडण्याचा संभव थोडा होता. चाचणीचे निष्कर्ष वेळेवर व लोकांच्या भाषेत पोहोचविणे हे उपचाराइतकेच आवश्यक असते, ते यासाठी.

रक्तद्रव हा निर्धोक पदार्थही नव्हे. अधिहर्षता, रक्ताभिसरणावर पडणारा द्रवाचा अतिभार, फुप्फुसास होणारी तीव्र इजा व रक्तावाटे होणारे संक्रमण हे धोके अल्प असले तरी असतातच. म्हणून ‘उपयोग झाला नाही तरी अपाय नाही’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

सिंधुदुर्गातील प्रश्न : करोनाची साथ ओसरली, तरी या चिकित्सेचा विषय सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरता संपलेला नाही. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये ओळखला गेलेला व पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने अभ्यासलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याचे रुग्ण मिळाले. गोचिडीच्या चाव्याने होणारा हा रक्तस्रावी ज्वर साधारणपणे डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे काजूच्या हंगामाच्या सुमारास, रानात वावरणाऱ्यांस होतो. त्यात सु. ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. त्यावर गुण सिद्ध झालेले विशिष्ट औषध नाही. लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

मक्याच्या सुगीतील अर्जेंटिनी मजूर आणि काजूच्या बागेतील दोडामार्गचा मजूर यांच्या स्थितीत साम्य आहे. पण दोन्ही रोगांचे विषाणू भिन्न कुलांतील आहेत, त्यामुळे एकाचे यश दुसऱ्यास गृहीत धरता येत नाही. असा उपाय येथे अजमावावयाचा झाल्यास रोगनिदान पहिल्या काही दिवसांत तालुक्याच्या पातळीवर व्हावे लागेल, रोगमुक्तांच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजून रक्तद्रव साठवावा लागेल, आणि रुग्णसंख्या थोडी असल्याने महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिन्ही राज्यांना मिळून एकच चाचणी आखावी लागेल. विषाणू व गोचीड राज्यांच्या सीमा मानत नाहीत. सह्याद्रीच्या उतारावरील या गावांतील रुग्णांच्या नोंदीही सीमेने तुटलेल्या असू नयेत.

रोगमुक्तांच्या रक्तद्रवाचा इतिहास हा केवळ एका औषधाचा इतिहास नाही. नवी साथ येते तेव्हा तिच्यावरील पहिली प्रतिपिंडे तिच्यातून वाचलेल्यांच्या शरीरातच असतात. त्यामुळे लस व औषधे तयार होईपर्यंत हा उपाय पुन्हा पुन्हा पुढे येणार, हे स्वाभाविक आहे. तो त्याज्य नाही, तसा रामबाणही नाही. साथीच्या पहिल्या महिन्यातच यदृच्छ निवडीच्या चाचण्या सुरू करणे, दात्याची प्रतिपिंडे आधी मोजणे आणि रुग्णापर्यंत लवकर पोहोचणे, या तीन गोष्टी साधल्या तर रोगमुक्ताने दिलेले दान योग्य रुग्णास योग्य वेळी मिळू शकते. आर्थर रोड रुग्णालयाच्या काळात एकाआड एक रुग्ण मोजून चोक्सी यांनी जे उत्तर शोधू पाहिले, ते प्रत्येक नव्या साथीत नव्याने शोधावे लागते.